ज्यूरीच्या बंद खोलीत जात शिरली तर?

पाचामुखी परमेश्वर, असं आपल्याकडे म्हणतात. पण ते पाच कोण असायचे? गावच्या पंचांत महारवाड्यातला, मांगवाड्यातला माणूस बसत नव्हता. निवाडा मात्र त्याच्यावरही लादला जायचा. म्हणून अमेरिकेतल्या ज्यूरीचं कौतुक वाचलं की मला दोनच प्रश्न पडतात. हे पंच निवडले कसे? आणि खोलीचं दार लागल्यावर ते काय बोलले, हे कुणाला कळतं का?

हे प्रश्न आता आपल्यापासून दूर राहिलेले नाहीत. 2020 मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी विभागाने सिस्को कंपनीवर दावा ठोकला. एका दलित अभियंत्याला त्याच्या सवर्ण भारतीय वरिष्ठांनी जातीवरून भेदभावाची वागणूक दिली, असा आरोप होता. दोन वरिष्ठांविरुद्धचा दावा 2023 मध्ये मागे घेतला गेला, कंपनीविरुद्धचा मात्र पुढे चालू राहिला. त्याच वर्षी सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेलं तशाच आशयाचं विधेयक राज्यपाल न्यूसम यांनी नाकारलं. नोकरीतल्या भेदभावाचे असे दावे दिवाणी असतात, आणि अमेरिकेत दिवाणी दाव्यातही ज्यूरी बसू शकते. म्हणजे उद्या एखाद्या दलित कर्मचाऱ्याचा अपमान खरा की खोटा, हे ज्यूरी ठरवेल.

या ज्यूरीवर नियम कडक आहेत. कोर्टात आलेल्या पुराव्याबाहेर काही शोधायचं नाही, पक्षकाराशी किंवा वकिलाशी बोलायचं नाही, घटनास्थळी स्वतःहून जायचं नाही, खटल्याबद्दल समाजमाध्यमांवर लिहायचं नाही. कुणी हे मोडलं आणि निकाल त्यामुळे कलेल असं दिसलं, तर न्यायाधीश त्या सदस्याला घरी पाठवू शकतात. विष सगळ्यांत पसरलं असेल तर 'मिसट्रायल' जाहीर होतो: खटला तिथेच मोडतो आणि नव्या ज्यूरीपुढे पहिल्यापासून चालतो. गैरवर्तन निकालानंतर उघड झालं तर फेरसुनावणी मागता येते.

वाचायला हे छान आहे. पण नियम पकडतात ते मोबाइलवर शोधाशोध करणाऱ्याला. मनात पूर्वग्रह घेऊन बसलेल्याला पकडणं फार अवघड.

साउथ डकोटातला एक दिवाणी दावा पाहा. अपघातात पाय गमावलेल्या मोटारसायकलस्वाराने ट्रकचालकावर भरपाईचा दावा लावला आणि तो हरला. नंतर ज्यूरीतल्याच एकाने सांगितलं की, आपल्या प्रमुख सदस्या खोलीत म्हणाल्या, माझ्या मुलीच्या चुकीने असाच जीवघेणा अपघात झाला होता, तिच्यावर दावा लागला असता तर तिचं आयुष्य उद्ध्वस्त झालं असतं. निवडीच्या वेळी मात्र त्यांनी आपण निःपक्ष राहू शकतो असं सांगितलं होतं. 2014 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं की, खोलीतलं हे बोलणं पुरावा म्हणून वापरता येणार नाही.

2017 मध्ये त्याच न्यायालयाने या बंद दाराला एक फट पाडली. आरोपी मेक्सिकन आहे म्हणूनच त्याने गुन्हा केला असणार, असं कोलोरॅडोतल्या एका ज्यूरी सदस्याने सहकाऱ्यांना सांगितलं होतं. वंशद्वेष इतका उघड असेल तर गुप्ततेचा नियम बाजूला ठेवावा लागेल, असं न्यायालय म्हणालं. पण तो खटला फौजदारी होता आणि प्रश्न वंशाचा होता. दिवाणी दावा आणि जात, दोन्ही त्या फटीबाहेरच राहिले.

त्याहून मोठी अडचण सुरुवातीलाच आहे. निवडीच्या वेळी ज्यूरी सदस्याने माहिती लपवली म्हणून फेरसुनावणी हवी असेल, तर 1984 च्या एका दिवाणी निकालानुसार आधी दाखवावं लागतं की, त्याने महत्त्वाच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर दिलं नाही. शिवाय खरं उत्तर दिलं असतं तर त्याला वगळायला सबळ कारण मिळालं असतं. आता सांगा, जातीबद्दल प्रश्नच विचारला नसेल तर लपवलं काय? आडनावावरून माणूस तोलणारा एखादा 'आम्ही जात मानत नाही'वाला खुशाल ज्यूरीत बसेल. आणि जातीचं नावही न ऐकलेला अमेरिकन रात्री घरी जाऊन इंटरनेटवर जात शोधेल, पहिल्याच पानावर काय मिळेल ते सकाळी खोलीत घेऊन येईल.

म्हणून मला वाटतं, जातीच्या दाव्यात वकिलांनी निवडीच्या वेळीच जातीबद्दल थेट प्रश्न विचारावेत आणि न्यायाधीशांनी ते विचारू द्यावेत. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये वाट दाखवली आहे. कारने मागून धडक दिलेल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीने 35 लाख डॉलर मागितले होते, ज्यूरीने 9,200 दिले. निकालात वंशाचा वाटा असू शकतो असं तटस्थ माणसाला वाटण्याजोगं असेल तर चौकशी झालीच पाहिजे, आणि तो वाटा नव्हता हे निकालाचा फायदा झालेल्या पक्षाने सिद्ध करावं, असं न्यायालयाने सांगितलं. सिद्ध करण्याचं ओझं पीडिताच्या डोक्यावरून उतरलं. जातीलाही हाच न्याय हवा.

आपल्याकडे पारशी विवाहाचे दावे सोडले तर ज्यूरी उरलेली नाही. म्हणून पूर्वग्रहही गेला असं समजू नका. भंवरी देवींच्या खटल्यात 1995 मध्ये जयपूरच्या कोर्टाने सवर्ण पुरुष खालच्या जातीच्या स्त्रीवर बलात्कार करणार नाहीत, अशा अर्थाचं कारण देऊन आरोपींना सोडलं. फरक एवढाच की, ते कारण कागदावर होतं. देशाने ते वाचलं, त्यावर संताप झाला, त्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर 1997 चा विशाखा निकाल आला. ज्यूरी असती तर 'निर्दोष' एवढा एकच शब्द हाती लागला असता.

लिहिलेल्या जातीशी लढता येतं. न बोललेल्या जातीला आधी बोलतं करावं लागतं, आणि त्यासाठी कुणीतरी भर कोर्टात प्रश्न विचारावा लागतो.