पहिला चुकारा कोठीचा



दसरा उलटला की गावोगाव एकच प्रकार दिसतो. पहिल्या वेच्याचा कापूस, अजून दवाने ओलसर, खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर चढतो. तो म्हणेल तो भाव, तो धरेल ती कट्टी. कास्तकाराला विचारा, "आठ दिवस वाळवून का नेला नाही? पुढच्या महिन्यापर्यंत का थांबला नाहीस?" उत्तर ठरलेलं असतं: "दिवाळी तोंडावर आली, घरात तेल नाही, दुकानदार उधार देत नाही."

कापसाचा भाव मुंबईत आणि परदेशातल्या बाजारात ठरतो, हे आपण पन्नास वेळा ऐकलं आहे आणि ते खरंही आहे. पण त्या भावातला कोणत्या दिवसाचा भाव आपल्या पदरात पडणार, हे आपल्या घरातला तेलाचा डबा आणि डाळीची बरणी ठरवते. ज्याच्या घरात सहा महिन्यांचं खायला आहे, त्यालाच भाव पटला नाही तर भरलेली गाडी परत आणायची हिंमत होते. बाकीचे हात जोडून उभे राहतात. म्हणून किराण्याचा विषय हा चुलीपाशी बसून बोलायचा विषय आहे, संघटनेच्या बैठकीत त्याचं काय काम, असं कुणी म्हणू नये. भावाच्या लढाईत हीच पहिली फळी आहे.

उलटी गंगा पाहा. पुण्या-मुंबईतला नोकरदार एप्रिल-मे महिन्यात वर्षाचे गहू भरतो, तिखट-हळद कुटून ठेवतो. त्याला लोक काटकसरी म्हणतात. व्यापारी माल भरतो, त्याला भांडवल म्हणतात. आणि जो पिकवतो, त्याच्या घरातून पोर पन्नासची नोट घेऊन पावशेर डाळ आणायला दुकानात जातं. आपण क्विंटलने विकतो आणि पावशेराने विकत घेतो. विकताना ठोक भाव, घेताना किरकोळ भाव. दोन्हीकडून नागवले जाणारे जगात आपणच.

हे असं झालं कसं? आपल्या आजीच्या काळी वावरात ज्वारी होती, तिच्यात मूग-उडीद-तुरीचे तास होते, बांधावर जवस-तीळ होता. घरात कणगी नाहीतर ढोली होती. मग सरकारने लेव्ही लावली. सत्तरच्या दशकात याच महाराष्ट्रात ज्वारीची सक्तीची वसुली झाली आणि ज्वारी जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी होती. ज्वारी पिकवणं हा जणू गुन्हा ठरला. संकरित ज्वारी आली, पण कणसं भरताना पाऊस लागला की दाणा काळा पडला आणि त्याला कुणी विचारेना. शेतकरी वेडा नव्हता. जिथे चार पैसे सुटतील तिकडे तो गेला. कापूस आला, सोयाबीन आलं. नगदी पीक घेण्यात काहीच चूक नाही. पण नगदी पीक घेणाऱ्याचं घर नगदीने चालायला हवं होतं, ते उधारीने चालू लागलं. खोट आहे ती इथे.

उधारीचा हिशेब एकदा कागदावर मांडू. समजा डाळ रोखीने १२० रुपये किलो आहे आणि उधारीत दुकानदार १३० लावतो. आषाढात नेली, पैसे मार्गशीर्षात दिले, म्हणजे पाच महिने. १२० रुपयांवर पाच महिन्यांना १० रुपये, म्हणजे वर्षाला शेकडा २० दराचं व्याज झालं. हे व्याज कोणत्याही पावतीवर लिहिलेलं नसतं, म्हणून ते दिसत नाही. गावातल्या दुकानदाराला आम्ही दोष देत नाही. त्यालाही तालुक्याचा ठोकवाला उधारीनेच माल देतो, त्याचेही पैसे गावात बुडतात. पण सगळी साखळी शेवटी ज्याच्या मानेवर बसते, तो आपण आहोत.

सरकारची नीती तर अशी की हा गळफास कधी सैल होऊ नये. आयातीला आमचा विरोध नाही. बाजार खुला असावा हेच आमचं म्हणणं. पण मग दोन्ही बाजूंनी खुला असावा. मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली केली. मे २०२२ मध्ये गव्हाची निर्यात बंद केली. २ जून २०२३ ला जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली तूर आणि उडदाच्या साठ्यावर मर्यादा घातली: ठोक व्यापाऱ्याला २०० टन, किरकोळ दुकानदाराला ५ टन. आणि १९ ऑगस्ट २०२५ ला, आपला कापूस घरी यायच्या तोंडावर, कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं आणि ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत चालवली. आणायला दार उघडं, न्यायला दार बंद, ठेवायला बंदी. १९५५ चा तो कायदा साठा करणाऱ्याला चोर समजतो. त्या वर्षीच्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० कागदावर होता. ज्याला थांबता येत होतं त्याला हमीभावाच्या केंद्रावर रांग लावता आली. ज्याच्या घरात तेल नव्हतं त्याने खेड्यातच दिला.

आणि उपकार म्हणून काय दिलं? २०१५ साली मराठवाड्याचे आठही, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्याला माणशी पाच किलो धान्य दोन-तीन रुपयांनी सुरू केलं. २०२३ साली धान्य थांबवून माणशी महिना १५० रुपये खात्यात टाकायचं ठरवलं. पाच माणसांच्या घराला महिन्याचे ७५० रुपये. पैसा हाती आला हे वाईट नाही. पण महिन्या-महिन्याने येणारा पैसा किरकोळीत जातो. त्याने कोठी भरत नाही.

भीक मागून कोठी भरायची नाही, हे आपलं ठरलेलं आहे. मग भरायची कशी आणि माल आणायचा कुठून?

पाच माणसांचं घर धरा. दिवसाला दोन किलो धान्य म्हणजे वर्षाला सव्वासात क्विंटल. दिवसाला २०० ग्रॅम डाळ म्हणजे ७३ किलो. महिन्याला चार किलो साखर म्हणजे वर्षाचं एक ५० किलोचं पोतं. दिवसाला १०० ग्रॅम तेल म्हणजे १५ किलोचे अडीच डबे. यादी एवढीच आहे. तिला घाबरायचं कारण नाही.

डाळीपासून सुरुवात करा. कपाशीत तुरीचे तास आहेतच. एक क्विंटल तुरीची साधारण ७० किलो डाळ होते, म्हणजे घराचं वर्ष जवळपास निघालं. समजा तूर ७,००० ने विकली आणि तीच ७० किलो डाळ १२० ने विकत आणली, तर ८,४०० गेले. वर तूर नेण्याचं भाडं, हमाली, तोलाई आपल्याच माथी. घरची तूर भरडून आणली तर भरडाई जाऊनही पैसे उरतात, आणि चुनी गोठ्यात येते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने काढलेली मिनी दाल मिल विदर्भात ठिकठिकाणी आहे. शरद जोशींनी माजघर शेती सांगितली ती हीच. घरात बसून स्वावलंबनाच्या जपमाळा ओढा असा तिचा अर्थ नव्हता. कच्चा माल विकून पक्का विकत घेण्यातला तोटा बंद करा, हा तिचा हिशेब होता.

जे पिकत नाही ते हंगामात आणि उगमापाशी घ्या. रब्बी ज्वारी आणि हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये, शक्यतो कालव्याखालच्या शेतकऱ्याच्या खळ्यावरून. त्यालाही रोख पैसा हवा असतो. गूळ गुऱ्हाळं चालू असताना. मिरची भिवापूरकडची नाहीतर नंदुरबारची, हळद वसमत-हिंगोलीकडची, नवा माल उतरल्यावर. डाळी कमी पडल्या तर अकोला, लातूर, जळगावच्या गिरण्या आहेत. साखर, मीठ, चहा तालुक्याच्या ठोकवाल्याकडे. घरच्या वापरासाठी माल घेणाऱ्याला व्यापाऱ्याचा परवाना लागत नाही. महाराष्ट्राच्या १९६३ च्या बाजार समिती कायद्यातच ती मोकळीक आहे. कुणी अडवलं तर हे सांगा.

एकट्याने जाऊ नका. दहा-पंधरा घरांनी मिळून एक टेम्पो करा. पैसे आधी गोळा, पावती सगळ्यांसमोर, वाटणी गावातल्या काट्यावर. उधार कुणालाच नाही, अध्यक्षालासुद्धा नाही. आणि कृपा करून याची सोसायटी काढू नका, दुकान थाटू नका, अनुदान मागू नका. माल आणला, वाटला, हिशेब संपला. अनुदान आलं की पुढारी येतो, आणि पुढारी आला की पोतं हलकं होतं.

साठवणुकीचं शास्त्र थोडक्यात सांगतो. दाणा दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवा. ओल १० ते १२ टक्क्यांवर राहिली की कीड लागते. अख्ख्या तुरीला, मुगाला, हरभऱ्याला भुंगा पटकन लागतो, डाळ केली की त्याला घर करायला जागा राहत नाही. म्हणून लवकर भरडा. पोती भिंतीपासून हातभर दूर, खाली फळ्या. गव्हाला एरंडेल चोळा. रवा, बेसन, पीठ साठवू नका. तेल तीन महिन्यांच्या वर भरू नका, खवट होतं. आणि धुरीच्या विषारी गोळ्या राहत्या घरात आणूच नका. धान्य वाचेल आणि माणूस जाईल.

पैसा कुठला, हा प्रश्न उरतो. एक तर पहिला चुकारा. तो आला की बियाणेवाला, औषधवाला, सोयरिक यांच्या आधी कोठीचा वाटा बाजूला काढा आणि घरच्या बाईच्या हाती द्या. १९८६ साली चांदवडला लाखो बाया जमल्या होत्या. घरात काय संपलं आहे हे ज्या बाईला ठाऊक, तिच्या हाती पैसा नाही, ही त्यांची तक्रार आजही खोटी ठरलेली नाही. दुसरं, किसान क्रेडिट कार्डाच्या २०१२ च्या सुधारित नियमांत पीककर्जाच्या १० टक्के रक्कम काढणीनंतरच्या आणि घरखर्चाच्या गरजेसाठी धरलेली आहे. लाखाच्या पीककर्जावर हे दहा हजार होतात. मर्यादा ठरवताना ते धरले का, हे बँकेत विचारा. शेकडा २० च्या उधारीपेक्षा ते कितीतरी स्वस्त.

कुणी म्हणेल, ज्याच्याकडे चुकाऱ्यातून काहीच उरत नाही त्याने काय करायचं? बरोबर आहे. शेती तोट्याची आहे तोवर कोठी सगळ्यांची भरणार नाही, आणि घामाचं दाम मिळवल्यावाचून हा प्रश्न सुटणारही नाही. पण ते दाम मिळवायला थांबावं लागतं, आणि उपाशी पोटी थांबता येत नाही. जून २०१७ च्या शेतकरी संपात दूध-भाजीवाल्यांनी माल रोखला. कापूसवाल्याने माल रोखायचा तर त्याच्याकडे महिना-दोन महिन्यांची शिदोरी हवी. वर्षाची नाही जमली तर तीन महिन्यांची भरा. डाळीपासून करा, पुढच्या वर्षी धान्य.

येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहून आणाव्यात: किती घरं एकत्र खरेदीला तयार आहेत, त्यांना काय आणि किती लागतं, आणि जवळची दाल मिल व तेलघाणा कुठे आहे. कोणत्या तालुक्यात काय पिकतं हे आपल्यालाच ठाऊक आहे. ज्वारीवाल्या गावाने कापूसवाल्या गावाला थेट द्यावं, मधला दलाल नको. त्या कागदांवरून बैठकीतच गाड्या ठरवू.

आणि या हंगामात ओला कापूस काट्यावर टाकण्याआधी घरी एकदा विचारा: अजून किती दिवस थांबता येईल?