भुलीचं गूढ आणि गुढाचा सोस

कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयाच्या आवारात, आत कुणाची तरी शस्त्रक्रिया चालू असताना, बाकड्यावरचा एखादा जाणकार हमखास सांगतो : भूल कशी चढते हे डॉक्टरांनाही अजून कळलेलं नाही. बाकड्यावरचं बोलणं सोडून देता येतं. पण हेच वाक्य विज्ञानलेखांतही छापून येतं, म्हणून त्याचा समाचार घ्यायला हवा.

एके काळी ते खरं होतं. आनंदीबाई जोशींची १८८६ साली जिथं नेमणूक झाली ते अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणजेच आजचं सीपीआर. तेव्हा क्लोरोफॉर्म जवळजवळ चाळीस वर्षं वापरात होता आणि तो मेंदूत काय करतो याचा कुणालाच पत्ता नव्हता. पुढे मायर (१८९९) आणि ओव्हरटन (१९०१) यांनी दाखवलं, की जे द्रव्य ऑलिव्ह तेलात जास्त विरघळतं त्याची भूलही जास्त. त्यावरून मत रूढ झालं : औषध चेतापेशीच्या मेदपटलात मुरतं, पटल सैलावतं, पेशी गप्प होते. या पूर्वपक्षाला हलकं लेखू नये. आकडे खरोखरच जुळत होते.

पण एखाद्या अंशाच्या तापानंही पटल जवळपास तेवढंच सैलावतं. मग तापकऱ्याला भुलीशिवाय टेबलावर घ्यायचं का? लांब साखळीची अल्कोहोलं तेलात आणखी विरघळतात, तरी एका लांबीपुढे त्यांची भूल चढतच नाही. इटोमिडेटच्या रेणूची दोन आरसारूपं तेलात सारखीच विरघळतात, पण एक दुसऱ्याहून कितीतरी प्रभावी. तेलाला डावं-उजवं कळत नाही, प्रथिनाला कळतं. १९८४ साली फ्रँक्स आणि लीब यांनी काजव्याचं, मेदाचा लवलेश नसलेलं प्रथिन भूलद्रव्यांनी बंद पाडलं, तेव्हा मेदाची मक्तेदारी संपली.

आता सिद्धान्तपक्ष. प्रोपोफॉल, इटोमिडेट, सेवोफ्लुरेन ही औषधं गाबा-ए या क्लोराइडच्या चॅनेलवर काम करतात. चॅनेल जास्त वेळ उघडा राहतो, ऋणभारित क्लोराइड आत शिरतो आणि पेशी उद्दीपित होईनाशी होते. पुरावा? या चॅनेलमधलं एकच अमिनो आम्ल बदललेले उंदीर २००३ साली तयार झाले. प्रोपोफॉल देऊनही चिमटा काढला की ते पाय आखडून घेत. केटामिनची तऱ्हा निराळी : ते एनएमडीए चॅनेल अडवतं, आणि त्याचा रुग्ण अनेकदा डोळे उघडे ठेवून बेशुद्ध असतो. काही भूलवायू पोटॅशियमचे चॅनेल उघडतात. सगळ्यांना मिळून एकच कारण द्या, हा हट्टच मुळात चुकीचा.

२०२० च्या एका संशोधनानं मेदाला मागच्या दारानं परत आणलं खरं. पण तिथंही मेदाची घडी विस्कटल्यावर शेवटी उघडतो तो पोटॅशियमचा चॅनेलच. उरतो प्रश्न जाणिवेचा. ती कशी हरपते हे पूर्ण उलगडलेलं नाही, कारण ती उपजते कशी हेच ठाऊक नाही. ती उधारी भूलतज्ज्ञाच्या खात्यावर कशाला?

या गूढप्रेमाचा तोटा रोकडा आहे. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ दारूबद्दल विचारतात. दारूही गाबाच्या चॅनेलवर काम करते. रोज पिणाऱ्याचे चॅनेल सरावलेले असतात आणि भुलीचा डोस वाढवावा लागू शकतो. हे सगळं अंदाजपंचेच चालतं असं मानणारा गडी मात्र, शेजारी बायको उभी असल्यानं, ‘कधीतरी सणासुदीला’ म्हणून मोकळा होतो.