मन्याचें पथ्यपाणी

मांजर पाळणें आणि आजारी मांजर पाळणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. पहिलींत मौज असते. दुसरींत व्रत असतें. गतवर्षीं वैशाखाच्या अखेरीस, भंडारदऱ्याच्या झाडांवर काजवे चमकूं लागले त्या सुमारास, तें व्रत आमच्या घरीं चालून आलें. शेजारच्या आजीबाई मुलाकडे पुण्यास कायमच्या राहावयास निघाल्या आणि त्यांचा नऊ वर्षांचा बोका मन्या मागें राहिला. त्याला मधुमेह असल्याचें नाशिकच्या पशुवैद्यांनीं नुकतेंच सांगितलें होतें, आणि दिवसांतून दोनदां सुई टोंचण्याचें काम पुण्याच्या घरीं कोणी पत्करीना. "धरणाच्या कांठीं मासेवाल्यांपाशीं सोडून द्या, जगेल," असाही एक सल्ला निघाला. तो ऐकवला नाहीं, म्हणून मन्याला उचलून मीं घरीं आणलें.

मांजरालाही मधुमेह होतो का, असें मला अनेकींनीं विचारलें. होतो, आणि त्याची लक्षणें आपल्या ओळखीचींच आहेत. मांजर सारखें पाणी पितें, वारंवार लघवी करतें, आणि खा-खा करूनही वाळत जातें. दुखणें वाढलें म्हणजे मागच्या पायांतील शक्ति जाते व तें पंजांवर न चालतां टांच टेकून चालूं लागतें. वय झालेले, खच्ची केलेले व घरांत बसून लठ्ठ झालेले बोके याला विशेष बळी पडतात. मन्या तसाच होता. दिवसभर झोपाळ्यावर लोळावें आणि तीनदां दूधभात खावा, एवढाच त्याचा दिनक्रम. आजीबाईंनीं त्याच्यावर माया केली ती भातानें केली.

येथेंच आमची पहिली अडचण उभी राहिली. मांजर हा जातीचाच मांसाहारी प्राणी. टॉरिन नांवाचें एक द्रव्य त्याला प्राणिज अन्नांतूनच मिळावें लागतें. तें न मिळाल्यास दृष्टि व हृदय दोन्ही बिघडतात. त्यांतून मधुमेही मांजराला भात, पोळी, बिस्किट म्हणजे केवळ साखरच. डॉक्टरांनीं कमी पिष्टाचें, मांसाचें डबाबंद खाद्य ठरवून दिलें. जोडीला थोडा उकडलेला मासा चालेल, पण नुसत्या माशावर ठेवूं नका, असेंही बजावलें. आमच्या घरांत चातुर्मासांत कांदासुद्धां येत नाहीं! सासूबाईंशीं या विषयावर बोलण्याचें मीं दोन दिवस टाळलें. तिसऱ्या दिवशीं त्याच म्हणाल्या, "अगं, सोंवळें आपलें, पोट त्याचें. मागच्या पडवींत त्याची ताटली वेगळी ठेव, आणि हात धुऊन आंत ये." वाद सुरू होण्यापूर्वींच मिटला.

सुईची मला जितकी भीति वाटली होती तितकी ती अवघड नाहीं. पाठीवरची सैल कातडी चिमटींत धरावी आणि बारीक सुई हळूच टोंचावी; मन्या खातां खातां मान वळवूनही पाहत नाहीं. अवघड आहे तें घड्याळ. सकाळीं सात आणि संध्याकाळीं सात. आधीं खाणें, मग सुई. आणि तो जेवला नाहीं तर डॉक्टरांना विचारल्यावांचून सुई नाहीं. कानाच्या कडेला टोंचून थेंबभर रक्त घ्यावयाचें आणि साखर मोजून वहींत लिहावयाची. ही घरची मोजणी फार उपयोगी पडते, कारण दवाखान्यांत नेलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेंही चढते.

आषाढांतील एका संध्याकाळीं माझ्या हातून जी चूक झाली ती सांगितलीच पाहिजे. सासूबाईही गेलीं अकरा वर्षें इन्शुलिन घेतात. त्यांच्या बाटलींत दर मिलिलिटरला ४० एककें असतात, मन्याच्या बाटलींत १००. आपल्याकडे दोन्ही प्रकार बाजारांत मिळतात, आणि त्यांच्या सिरिंजाही निराळ्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. त्या दिवशीं पाऊस कोसळत होता आणि वीज गेलेली होती. कंदिलाच्या उजेडांत मीं लाल टोपणाची सिरिंज उचलली आणि मन्याचें औषध तिच्या एकच्या रेघेपर्यंत भरलें. म्हणजे एका एककाऐवजीं अडीच एककें त्याच्या अंगांत गेलीं.

रात्रीं अकराच्या सुमारास तो झिंगल्यासारखा चालूं लागला आणि भिंतीशीं जाऊन कोसळला. साखर मोजली, ती ३८ भरली. नाशिक येथून सुमारें ७० किलोमीटर, आणि रस्त्यावर दाट धुकें. डॉक्टरांनीं फोनवरून सांगितल्याप्रमाणें बोटावर मध घेऊन त्याच्या हिरड्यांना चोळला. तोंडांत ओतला नाहीं, कारण शुद्ध हरपत चाललेल्या जिवाच्या घशांत तो अडकण्याचें भय असतें. साखर मोजीत आणि मध लावीत आम्ही दोघी पहाटेपर्यंत बसून होतों. "माझ्या सुईनें झालें गं हें," असें सासूबाई पुन्हां पुन्हां म्हणत होत्या. चूक माझी होती, पण अपराधी त्यांना वाटत होतें. साडेचारला मन्यानें ताटलीकडे तोंड वळवलें. उजाडतांच त्याला घेऊन आम्हीं नाशिक गांठलें.

त्या रात्रीपासून लाल टोपणांचा डबा माजघरांतील फडताळांत असतो आणि नारिंगी टोपणांचा पडवींतील कोनाड्यांत. भरलेली सिरिंज दोघींनीं पाहिल्याशिवाय टोंचावयाची नाहीं. औषध दिलें कीं नाहीं असा संशय आला तर पुन्हां द्यावयाचें नाहीं. एक वेळ चुकली तर सहसा कांहीं बिघडत नाहीं, दोनदां दिल्यानें मात्र प्राणावर बेततें. विजेचाही विचार करून ठेवला आहे. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. वापरांत असलेलें मन्याचें ग्लार्जिन ३० अंशांपर्यंतच्या हवेंत २८ दिवस टिकतें. आमच्या पावसाळ्यांत तेवढी सोय निसर्गच करतो. बर्फाला मात्र बाटली टेकवूं नये; एकदां गोठलेलें इन्शुलिन फेकूनच द्यावें.

इतका खटाटोप एका बोक्यासाठीं कशाला, असें विचारणारेही भेटतात. १९२१ सालीं टोरोंटो येथें फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनीं इन्शुलिन मिळविलें तें कुत्र्यांवर प्रयोग करून. जानेवारी १९२२ मध्यें तें १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सन या मुलाला टोंचण्यांत आलें, आणि तेथून मधुमेह्यांचें नशीब पालटलें. पुढें साठ वर्षें, १९८२ सालीं जिवाणूंकडून बनविलेलें मानवी इन्शुलिन मान्य होईपर्यंत, असंख्य माणसें गाईबैलांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढलेल्या औषधावर जगलीं. हें मीं सासूबाईंना सांगितलें तेव्हां त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "आपण कावळ्याला घांस ठेवतों तो उपकार समजून नव्हे. हेंही तसेंच."

मन्याची सुई अजून सुटलेली नाहीं. आरंभींच साखर नीट ताब्यांत आली तर कांहीं मांजरांची ती सुटते. मन्याची सुटेल, असें डॉक्टर म्हणत नाहींत. मात्र तो आतां टांच टेकून चालत नाहीं, आणि झोपाळ्यावर स्वतःच्या पायांनीं चढतो. कोणी भगिनी असें मांजर घरीं आणूं म्हणत असेल, तर आपल्या मनांत माया किती आहे हें तिनें मागाहून पाहावें. रोज सकाळ-संध्याकाळ सातला घरीं कोण असेल, हें आधीं पाहावें. गणपतीला आम्ही सर्व पुण्यास जातों, पण आतां दोघींपैकीं एकीला मागें राहावें लागतें. यंदा पाळी माझी आहे.