लिनक्स फुकट आहे, पण सर्व्हर सांभाळणार कोण?

बेळगाव : मार्च एंडच्या आठवड्यातली गोष्ट. सीमाभागातल्या एका पतसंस्थेत संध्याकाळी सहा वाजता पिग्मी एजंटांची रांग लागली होती. दिवसभराची वसुली मशीनमधून सर्व्हरवर चढवायची आणि घरी जायचं, एवढंच काम. एरवी पाच मिनिटांत उरकतं. त्या आठवड्यात एकेका एजंटाला पाऊण तास लागत होता. "सर्व्हर चालू हाय बघा, पण काम पुढं सरकंना," सेक्रेटरी हताश होऊन सांगत होते. सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला तर त्याचं उत्तर तयार होतं : सर्व्हर जुना झाला, नवा घ्या. दोन दिवसांत साडेचार लाखांचं कोटेशनही आलं. संचालक मंडळ जवळजवळ हो म्हणून बसलं होतं.

दोष निघाला एका बॅटरीत.

पाडव्याला गावी आलेल्या एका सभासदाच्या मुलाने तो शोधला. तो बेंगळुरूत सर्व्हर सांभाळण्याचंच काम करतो. त्याने 'टॉप' हा लिनक्सचा साधा आदेश दिला. प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसला होता, पण 'डब्ल्यूए' हा आकडा चढलेला होता. म्हणजे काम करणारा माणूस मोकळा आहे, पण पुढची फाइल कपाटातून येतच नाही, अशी अवस्था. गंमत म्हणजे 'लोड' हा दुसरा आकडाही भरमसाट दिसत होता. लिनक्समध्ये डिस्कची वाट बघत ताटकळलेली कामंही लोडमध्ये मोजली जातात. हे ठाऊक नसेल तर कुणालाही वाटेल की प्रोसेसर कमी पडतोय. सॉफ्टवेअरवाल्याला तसंच वाटलं असावं.

सर्व्हरमध्ये दोन-चार हार्ड डिस्क एकत्र बांधणारं एक कार्ड असतं, त्याला रेड कंट्रोलर म्हणतात. नोंद आली की हे कार्ड ती आधी स्वतःच्या मेमरीत घेतं, "लिहिली" असं सांगून मोकळं होतं आणि सवडीने डिस्कवर उतरवतं. मध्येच वीज गेली तर मेमरीतली नोंद जपायला त्यावर छोटी बॅटरी असते. ती मेली की बहुतेक कार्डं ही सवलत आपोआप बंद करतात आणि प्रत्येक नोंद थेट डिस्कवर उतरेपर्यंत थांबून राहतात. त्यामुळे खाती बघायला वेळ लागत नव्हता, पण नोंद घालायला लागत होता. कार्ड चुकत नव्हतं, उलट सभासदांचे पैसे जपत होतं. बॅटरी संपल्याची नोंद कार्डाच्या स्वतःच्या लॉगमध्ये चार महिन्यांपासून पडून होती. ती वाचायचं काम कुणाचंच नव्हतं.

ही एका संस्थेची गंमत म्हणून सोडून देता आली असती. पण बेळगाव, निपाणी, खानापूर पट्ट्यातल्या सोसायट्या असोत, गोव्यातल्या पतसंस्था असोत की इंदूर-बडोद्यातल्या जुन्या मराठी संस्था, कारभार थोड्याफार फरकाने असाच चालतो. दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी फुकटचं लिनक्स टाकून दिलेलं असतं. मशीन कोपऱ्यात मुकाट चालत राहतं. ज्याने टाकलं तो पुण्याला गेलेला असतो.

मुदत संपली, मशीन चालूच

त्या काळात बहुतेकांची पसंती सेंटओएस ७ ला होती. रेड हॅट कंपनीच्या सशुल्क लिनक्सचा तो फुकट अवतार, २०१४ साली आलेला. ३० जून २०२४ ला त्याची मुदत संपली. त्यापुढचं सेंटओएस ८ तर २०२९ पर्यंत चालणार असं सांगून आलं होतं, पण डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली आणि २०२१ च्या अखेरीस ते बंदही पडलं.

मुदत संपली म्हणून सर्व्हर थांबत नाही. फिरतो, बिलं काढतो, पासबुक छापतो. फक्त नव्याने सापडणाऱ्या त्रुटींची दुरुस्ती यायची थांबते. औषधाच्या बाटलीवरची तारीख उलटली तरी औषध दिसायला तसंच दिसतं, तसं हे.

याचा पहिला फटका कुठे बसतो, तर एखादं पॅकेज बसवायला गेलं की 'पत्ता सापडत नाही' असा संदेश येतो. बिचारा ऑपरेटर इंटरनेट गेलं समजून राउटर बंद-चालू करत बसतो. खरं तर सेंटओएस ७ ज्या ठिकाणाहून माल कुठून घ्यायचा ते विचारतं, ती यादीच बंद झाली आहे. जुना माल 'व्हॉल्ट' नावाच्या कोठारात ठेवलेला आहे. तिथला पत्ता दिला की काम चालतं. पण कोठारात नवा माल येत नाही. ही सोय स्थलांतर होईपर्यंतची समजावी, कायमची नाही.

आणि स्थलांतर करायला गेलं की दुसरा खड्डा. नव्या आवृत्तीचा इन्स्टॉलर सुरू होतो आणि सांगतो : डिस्क सापडली नाही. डिस्क तर समोर हिरवा दिवा लावून बसलेली! झालेलं असं असतं की रेड हॅटने आवृत्ती ८ पासून बऱ्याच जुन्या रेड कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकले. अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स ही सेंटओएसच्या जागी आलेली फुकट लिनक्सं त्याच घराण्यातली, त्यामुळे तिथेही हीच अडचण येऊ शकते. ईएलरेपो नावाचा स्वयंसेवी प्रकल्प अशा अनेक कार्डांचे ड्रायव्हर पुरवतो. इन्स्टॉलेशनच्या वेळी ते वेगळ्या पेन ड्राइव्हवरून द्यावे लागतात.

तिसरा खड्डा प्रोसेसरचा. आवृत्ती ९ ला साधारण २००९ नंतरचा प्रोसेसर लागतो. मे २०२५ मध्ये आलेली आवृत्ती १० त्याहून पुढे गेली, तिला साधारण २०१३ नंतरच्या पिढीची क्षमता लागते. अल्मालिनक्सने जुन्या प्रोसेसरसाठी १० ची वेगळी बांधणी ठेवली आहे, रॉकीने ठेवलेली नाही. म्हणजे आवृत्ती निवडण्याआधी प्रोसेसर कोणता आणि कार्ड कोणतं, हे दोन प्रश्न विचारले तर रविवार वाया जात नाही. आणि चालत्या सर्व्हरवर प्रयोग करू नये. दुसऱ्या मशीनवर नवं लिनक्स टाकावं, बॅकअप तिथे उतरवावा, आठवडाभर आकडे जुळवावे, मगच जुनं बंद करावं.

आधी काय बघायचं?

सर्व्हर मंदावला की आपल्याकडे दोनच उपाय होतात : रीस्टार्ट किंवा कोटेशन. रीस्टार्टने कधी कधी बरंही वाटतं, पण पुरावा पुसला जातो. जाणकार मंडळी आधी पाच गोष्टी बघतात. त्यात पैसा लागत नाही.

पहिली, काल-परवा काय बदललं? नवी शाखा जोडली, सॉफ्टवेअर बदललं, वीज गेली होती का? दुसरी, डिस्कवर जागा आहे का? लॉगच्या फाइली फुगून डिस्क भरणं हा सगळ्यात वरचेवर होणारा आजार आहे. कधी जागा दिसते पण फाइलींची संख्या संपलेली असते, तीही मोजावी लागते. तिसरी, मेमरी. ती संपली की लिनक्स स्वतःच एखादा मोठा प्रोग्राम मारून टाकतं, आणि बळी बहुधा डेटाबेसच जातो. "आपोआप बंद पडलं" म्हणतात त्यामागे अनेकदा हेच असतं. चौथी, कर्नलच्या संदेशांत डिस्कच्या लिहिण्या-वाचण्याच्या चुका दिसतात का, आणि डिस्कच्या जोडीतली एक आधीच मेली आहे का? जोडीतली एक गेली तरी काम चालू राहतं म्हणून ते कळत नाही, दुसरी गेल्यावर कळतं. पाचवी, घड्याळ आणि उष्णता. मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी संपली तर वेळ चुकते. एप्रिल-मेमध्ये बंद खोलीत पंखे धुळीने माखले तर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून घेतो.

घड्याळ आणि लॉग या किरकोळ बाबी नाहीत. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्था-कंपन्यांनी लॉग १८० दिवस जपायचे, घड्याळं ठरवून दिलेल्या सरकारी वेळेशी जुळवायची आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची असते. १८० दिवसांचे लॉग म्हणजे जागाही तेवढी ठेवली पाहिजे, नाहीतर नियम पाळता पाळता डिस्क भरायची.

मंदपणाकडे कानाडोळा नको

"हळू चालतंय, चालू द्या" असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधल्या अभियंत्याला एका चाचणी मशीनवर लॉगइनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्याने पिच्छा सोडला नाही. तेव्हा उघड झालं की 'एक्सझेड' या जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरच्या ताज्या आवृत्तीत कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. २९ मार्चला त्याने तो जाहीर केला. अजून काही महिने गेले असते तर तो जगभरच्या चालू सर्व्हरांत पोहोचला असता.

उलटं उदाहरण आपल्या जवळचं. ३१ जुलै २०२४ ला एनपीसीआयने सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीला रॅन्समवेअर हल्ल्यानंतर आपल्या पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरतं तोडलं. ही कंपनी मुख्यतः सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देते. सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडकले. सुरक्षा अभ्यासकांनी माग काढला, तेव्हा त्यांना सुरुवात एका सहयोगी कंपनीच्या चुकीच्या मांडणीच्या जेनकिन्स सर्व्हरपाशी दिसली. त्यांच्या निष्कर्षानुसार जी त्रुटी वापरली गेली तिची दुरुस्ती जानेवारी २०२४ मध्येच उपलब्ध झाली होती. दुरुस्ती फुकट होती. ती बसवणारा माणूस हवा होता.

ताळेबंदात न दिसणारी जोखीम

मी कॉमर्सचा माणूस. म्हणून प्रश्न पुस्तकाच्या भाषेत मांडतो. चार लाखांचा सर्व्हर घेतला आणि आयकराच्या ४० टक्के दराने घसारा लावला, तर पाच वर्षांनी पुस्तकात त्याची किंमत ३१,१०४ रुपये उरते. संचालकांना अहवालात तेवढाच आकडा दिसतो. पण त्या ३१ हजारांच्या डब्यावर सगळ्या सभासदांच्या ठेवींचा हिशेब बसलेला असतो. घसारा मशीनचा होतो, जबाबदारीचा होत नाही.

बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. सभासदाच्या हातात पासबुक आणि संस्थेच्या सर्व्हरवर नोंद, एवढाच पुरावा. सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. तिथे सॉफ्टवेअर आणि देखभाल यांची काहीतरी सामाईक व्यवस्था उभी राहते आहे. पण शहरी पतसंस्था, सौहार्द सोसायट्या या योजनेत येत नाहीत. त्यांना आपलं आपणच बघायचं आहे.

सीमाभागात आणखी एक गुंता आहे. नोंदणी कर्नाटकात, सॉफ्टवेअरवाला कोल्हापूरचा, हार्डवेअरची एएमसी हुबळीची. बिघाड झाला की सॉफ्टवेअरवाला हार्डवेअरकडे बोट दाखवतो, हार्डवेअरवाला लिनक्सकडे. आणि लिनक्सचं नाव कुठल्याच करारात नसतं, कारण त्याचं बिलच नाही. ज्याचं बिल नाही त्याचा मालकही नाही, असा आपला समज. लिनक्स वाईट नाही. जगातले बहुतेक सर्व्हर त्यावर चालतात. वाईट आहे ते 'फुकट' या शब्दाचा अर्थ 'बिनखर्चाचं' असा घेणं.

खर्च फार मोठाही नाही. दोन-तीन संस्थांनी मिळून एक जाणकार माणूस अर्धवेळ ठेवला तरी भागतं. बेळगावात अभियांत्रिकी आणि डिप्लोमाची मुलं ढिगाने आहेत, काम मिळालं तर सगळीच बेंगळुरूला जाणार नाहीत. एएमसीमध्ये रेड कार्डाची बॅटरी धरली आहे का, लिनक्सच्या दुरुस्त्या कोण बसवणार आणि बॅकअप कोण तपासणार, ही तीन वाक्यं करारात लिहून घेतली तरी निम्मा त्रास वाचेल.

बॅकअपचं शेवटी सांगतो, कारण त्या पतसंस्थेतही ते शेवटीच कळलं. बॅटरी बदलण्याआधी त्या मुलाने विचारलं, "काका, बॅकअप घेताय ना?" सेक्रेटरी ठामपणे म्हणाले, "रोज रात्री. फाइल बनते, मी स्वतः बघतो." फाइल खरंच रोज बनत होती. उघडून पाहिलं तर गेल्या सात आठवड्यांच्या सगळ्या फाइलींचा आकार शून्य होता. बाहेरची डिस्क भरली होती, त्यामुळे नाव तेवढं लिहिलं जात होतं, आत काही जात नव्हतं. त्या सात आठवड्यांत दुसरी डिस्क गेली असती तर बॅटरीच्या गप्पा मारायला कुणी उरलं नसतं.

त्या रात्री आधी पूर्ण बॅकअप घेतला, तो दुसऱ्या मशीनवर उतरवून शिल्लक जुळवली, मग काही हजारांची बॅटरी मागवली. साडेचार लाखांचं कोटेशन सध्या फाइलला आहे. सर्व्हर जुना आहेच, आज ना उद्या बदलावा लागेल, पण तो घाबरून नव्हे, ठरवून बदलता येईल.

लवकरच वार्षिक सभा सुरू होतील. लाभांश किती, चहासोबत काय, हे आपण विचारतोच. यंदा एक प्रश्न वाढवा : शेवटचा बॅकअप परत उतरवून कधी पाहिला, आणि कुणी? तारीख आणि नाव सांगता आलं नाही, तर तो प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या.