१ जून आणि ऑक्टोपसचे वय

शाळेत नाव घालायला आलेल्या आईला मी विचारायचो, "जन्म कधीचा?"
"पेरण्या चालल्या होत्या बघा, गुरुजी."
झाले! मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का बघायचे आणि रजिस्टरात लिहायचे, १ जून.

हे आठवले नातीमुळे. परवा ती थंड समुद्रातल्या छोट्या ऑक्टोपसांचे वय कसे काढतात ते वाचून दाखवत होती. आपल्या बाजारातल्या माकुळाच्या डोक्यात तोल सांभाळणारा बारीक खडा असतो, त्यावर रोज एक वर्तुळ चढते. ऑक्टोपसच्या खड्यावर अशी नीट वर्तुळे नसतात. मग त्याच्या चोचीवरच्या किंवा अंगात उरलेल्या कवचाच्या काडीतल्या रेषा मोजतात.

पण एक रेषा म्हणजे एक दिवस, हे कशावरून? त्यासाठी जिवंत प्राण्याला एक रसायन देतात. त्या दिवशीच्या रेषेवर खूण राहते, पुढच्या रेषा कॅलेंडरशी ताडून बघायच्या. असे ताडून न बघता उबदार पाण्यातला हिशेब थंड पाण्याला लावणे म्हणजे माझे १ जूनच की!

थंडीत सगळेच सावकाश चालते. उत्तर अटलांटिकातल्या बॅथिपॉलिपस या छोट्या ऑक्टोपसची अंडी फुटायला ४०० हून जास्त दिवस लागतात. कॅलिफोर्नियाजवळ सुमारे १४०० मीटर खोलीवर दुसऱ्या एका जातीची मादी २००७ मध्ये अंड्यांवर बसलेली दिसली. अंगावरच्या व्रणांवरून ती ओळखू येई. २०११ पर्यंत ती तिथेच होती, तब्बल ५३ महिने! उथळ पाण्यातले नेहमीचे ऑक्टोपस वर्षा-दोन वर्षांत संपतात.

अंदाज करूच नये असे माझे म्हणणे नाही. त्याच्यापुढे 'अंदाजे' लिहावे, एवढेच. वय कमी धरले, तर पैदास भराभर होते असे वाटून जास्त पकडले जातात. मग समुद्र रिकामा झाल्यावर चूक कळते.

माझा एक विद्यार्थी मागच्या वर्षी ३१ मे रोजी निवृत्त झाला. घरच्यांच्या हिशेबाने दोन वर्षे आधीच. तारीख माझ्याच अक्षरातली. "चालायचेच, गुरुजी," म्हणाला. त्याचा दोन वर्षांचा पगार गेला, आणि मला तेव्हा कंसात एक शब्द लिहिणे जड झाले होते.

असो. तुमच्यातले १ जूनवाले किती? घरात कोणी जाणते असेल तर खरी तारीख आजच विचारून ठेवा.