मेंदू आपला, मोजपट्टी कुणाची?

घरातली आजी विसरायला लागली की 'साठी बुद्धी नाठी' म्हणून आपण मोकळे होतो. दुसरीकडे, शहरात शंका आली की थेट एमआरआय काढण्याचा आग्रह धरला जातो आणि 'वयोमानानुसार मेंदू आक्रसलेला' हे अहवालातलं वाक्य वाचून घर धास्तावतं. पण वयोमानानुसार म्हणजे कुणाच्या वयाच्या मानानं? जगभरचे संशोधक स्कॅन जुळवून पाहायला जे प्रमाणचित्र वापरतात, ते माँट्रियलमध्ये १५२ तरुणांच्या स्कॅनवरून तयार झालं. ब्रिटनच्या यूके बायोबँकनं २०२५ मध्ये एक लाख माणसांच्या स्कॅनचा टप्पा गाठला. त्यातले बहुतेक गोरे आहेत. हैदराबादच्या आयआयआयटीनं २०१९ मध्ये १०० भारतीयांच्या स्कॅनवरून नकाशा बनवला, तेव्हा आपले मेंदू पाश्चात्त्यांपेक्षा आकारानं सरासरी थोडे लहान असल्याचं दिसलं. याचा बुद्धीशी संबंध नाही, मोजमापाशी मात्र आहे. बंगळुरूच्या निम्हान्सनं २०२० मध्ये वयोगटवार भारतीय नकाशे प्रसिद्ध केले. ते सहा वर्षांपासून साठ वर्षांपर्यंतचे आहेत. म्हणजे आपली म्हण जिथे सुरू होते, तिथेच तो नकाशा संपतो.

तरीही माझं म्हणणं 'स्कॅन वाढवा' एवढंच नाही. स्कॅनच्या आधी विचारले जाणारे प्रश्न सुधारले नाहीत, तर स्कॅनही चुकीचंच सांगेल. याचा धडा दिल्लीच्या अगदी जवळ, हरियाणातल्या बल्लभगढमध्ये मिळाला. नव्वदच्या दशकात तिथल्या खेड्यांत भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी पंचावन्नच्या पुढच्या ५,१२६ जणांची पाहणी केली. त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश लोकांना लिहितावाचता येत नव्हतं. रूढ अमेरिकी चाचणीत 'डोळे मिटा' हे छापील वाक्य वाचून तसं करायचं असतं आणि स्वतःचं एक वाक्य लिहून दाखवायचं असतं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई इथे अडणारच, मग तिची स्मरणशक्ती कितीही शाबूत असो. म्हणून तिला आठवड्याचे वार उलटे म्हणायला, समोरच्याचं पाहून डोळे मिटायला आणि आपल्या घराबद्दल एक वाक्य बोलायला सांगितलं गेलं. ही हिंदी चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे दिल्लीच्या एम्सच्या सहभागानं ४,०९६ ज्येष्ठांची देशव्यापी तपासणी झाली, तिच्यातही ती वापरली गेली. साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज त्याच तपासणीतून आला. प्रमाण स्त्रियांत, खेड्यांत आणि कमी शिकलेल्यांत जास्त निघालं. स्कॅनशी अशा चाचणीचा संबंध थेट आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अल्झायमर रुग्णांच्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात ग्लुटाथायोन हे अँटिऑक्सिडंट कमी झाल्याचं चुंबकीय तपासणीतून दिसलं, हे मोलाचं काम आहे. पण अशा अभ्यासांत सहसा 'रुग्ण' आणि 'निरोगी' असे गट पाडताना आधी स्मरणशक्तीच्या चाचणीचाच आधार घेतात. तिथे निरक्षर बाई चुकीच्या गटात गेली, तर पुढचं यंत्र कितीही अचूक असलं तरी काय उपयोग?

अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या अमिलॉइड प्रथिनाच्या साक्याला भाषा नसते, तो मोजला की झालं, असं यावर काही जण म्हणतील. अमेरिकेतल्या ६७८ कॅथलिक जोगिणींचा अभ्यास याच्या आड येतो. मृत्यूनंतर काहींच्या मेंदूत रोगाच्या भरपूर खुणा सापडल्या, पण जिवंतपणी त्यांची स्मृती चांगली होती. हैदराबादेत ६४८ रुग्णांच्या अभ्यासात दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, आणि हा फरक निरक्षरांतही होता. घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलत दिल्लीत आयुष्य काढलेल्या माणसाचं स्कॅन वाचताना हे लक्षात घ्यायला नको का?

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो वजनदार आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणं १४ टाळता येण्याजोग्या कारणांशी जोडलेली आहेत: बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, अपुरं शिक्षण वगैरे. मग महागड्या यंत्रांऐवजी श्रवणयंत्रं वाटावीत, हे पटतं. पण आपल्या ज्येष्ठांत रक्तवाहिन्यांची हानी किती आणि अल्झायमर किती, हे स्कॅनशिवाय नीट कळत नाही. औषधाचा पैसा आधी कुठे घालायचा हे त्यावरच ठरतं. कर्नाटकात श्रीनिवासपूरच्या खेड्यांत आयआयएससीचं मेंदू संशोधन केंद्र दहा हजार लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करण्याचं उद्दिष्ट घेऊन काम करतं आहे. तशी ग्रामीण पाहणी मराठीत, मराठवाड्यातही उभी राहायला हवी.

दिल्लीतल्या मुनिरक्यात राष्ट्रीय आरोग्य आणि कुटुंब कल्याण संस्था आहे. देशभरच्या आरोग्य अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण हे तिचं कामच आहे. वार उलटे म्हणून घ्यायची ती दहा मिनिटांची तपासणी प्रत्येक भाषेत, प्रत्येक आरोग्यसेविकेच्या हाती देण्याचं काम या संस्थेनं अंगावर घ्यावं. घरच्यांनीही आजीचे कान, रक्तदाब, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यावेत, तिच्या भाषेत तिच्याशी बोलणारा डॉक्टर शोधावा. गाठ किंवा रक्तस्राव नाही ना, हे पाहायला त्यानं स्कॅन सांगितला तर तो जरूर काढावा.