पथ्य हवंच, पण औषधाच्या जागी नको

आज थोडा वेगळा विषय.

आमच्या शाळेतल्या एका बाईंना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करते. त्यामुळे मेंदूचा निरोप नीट पोचत नाही. कधी नजर अंधूक होते, कधी पाय जड पडतात.

बातमी कळली आणि स्टाफरूममध्ये जो तो आहारतज्ज्ञ झाला. "बाई, गहू सोडा." "दूध बंद करा." मीही त्यात होतो. बाईंनी दोन्ही सोडलं. दोन महिन्यांत बरं वाटलं, म्हणून डॉक्टरांना न विचारता इंजेक्शनही थांबवलं. पुढे ऐन परीक्षेत झटका आला. खडू धरणारा उजवा हात महिनाभर उठेना.

मुळात या आजारात झटका येतो आणि पुष्कळदा आपोआप ओसरतो. त्या काळात जे खाल्लं किंवा सोडलं, त्याला श्रेय मिळतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला!

डॉ. रॉय स्वँक यांनी १४४ रुग्णांना कमी चरबीचा आहार देऊन ३४ वर्षं लक्ष ठेवलं. १९९० मध्ये निष्कर्ष छापले: पथ्य पाळणारे जास्त चांगले राहिले. पण तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता. ज्यांची तब्येत खालावली, त्यांनीच पथ्य सोडलं नसेल कशावरून? वर्गात विचारा, मुलं ही खोच बरोबर पकडतील.

मग आहाराला अर्थच नाही का? आहे ना! बद्धकोष्ठतेचा त्रास या आजारात बऱ्याच जणांना होतो; त्यासाठी पालेभाज्या, उसळी, फळं, पुरेसं पाणी हवं. वजन आटोक्यात हवं. धूम्रपान नकोच. ड जीवनसत्त्व तपासून, डॉक्टर सांगतील तेवढंच घ्यावं. जास्त झालं तर तेही बाधतं. झटक्यावर स्टेरॉइड देतात, ती वारंवार लागली तर हाडं ठिसूळ होऊ शकतात. म्हणून दूध सोडलंच, तर नाचणी, तीळ ताटात हवेत.

थोडक्यात, पथ्य औषधाला साथ देतं, त्याची जागा घेत नाही.

बाई आता परत औषधावर आहेत. मी सल्ले देणं बंद केलंय. परवा फक्त एवढंच विचारलं, "बाई, वरच्या मजल्यावरचा तुमचा तास मी घेऊ का?" त्या हसून हो म्हणाल्या.